विश्लेषण : प्रत्येक मोहीम फत्ते, तरी संघर्ष कायम, इस्रायलचे सहा माजी गुप्तचर प्रमुख काय सांगतात?

'मास्टरमाइंड ठार' असं नोटिफिकेशन मोबाइलवर झळकलं की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. 'द गेटकीपर्स' हा माहितीपट तिथूनच सुरू होतो. मोहीम फत्ते झाली, पुढे काय?

माहितीपट नेमका काय आहे?

इस्रायली दिग्दर्शक ड्रॉर मोरे यांनी तो २०१२ मध्ये केला. इस्रायलची अंतर्गत सुरक्षा सांभाळणाऱ्या 'शिन बेत'चे सहा माजी प्रमुख त्यात कॅमेऱ्यासमोर बोलतात. वेस्ट बँक आणि गाझा १९६७ मध्ये ताब्यात आल्यापासूनचा पॅलेस्टिनी संघर्ष हा त्याचा विषय. २०१३ मध्ये त्याला ऑस्कर नामांकनही मिळालं.

यश म्हणजे काय?

जानेवारी १९९६ चं उदाहरण घ्या. 'इंजिनीअर' या टोपणनावानं ओळखला जाणारा हमासचा बॉम्बतज्ज्ञ याह्या अय्याश गाझात मोबाइलमध्ये लपवलेल्या स्फोटकांनी मारला गेला. मोहीम म्हणून अचूक. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम, अश्केलॉन आणि तेल अवीव आत्मघाती स्फोटांनी हादरली. डझनावारी माणसं गेली आणि शांतता प्रक्रिया आणखी खिळखिळी झाली. त्याआधी दोनच महिने पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली होती. मारेकरी पॅलेस्टिनी नव्हता, इस्रायलमधलाच ज्यू अतिरेकी होता.

कबुली का महत्त्वाची?

बोलणारे शांततावादी कार्यकर्ते नाहीत. अव्राहम शालोम यांच्या काळात, १९८४ मध्ये, पकडलेल्या दोन बस अपहरणकर्त्यांना ठार मारण्यात आलं. त्या प्रकरणात त्यांना पद सोडावं लागलं. तेच शालोम इथे म्हणतात, शत्रूशीही बोललंच पाहिजे. आमी आयालोन यांचं म्हणणं, लढाया जिंकत गेलो, पण युद्ध हरतोय.

त्रुटी काय?

हे शहाणपण खुर्ची सोडल्यावरच का सुचतं, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय ज्यांच्यावर ही सत्ता चालली, त्या पॅलेस्टिनींची बाजू इथे जवळपास नाही.

तरीही ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात गेलेले हजारो जीव पाहता हा माहितीपट जुना वाटत नाही. गुप्तचर यंत्रणा फार तर वेळ मिळवून देते. त्या वेळेत तोडगा काढणं हे राजकीय नेतृत्वाचं काम. ते झालं नाही, तर पुढचा मास्टरमाइंड तयारच असतो.