दिंडी दरवाजाची किल्ली

जुन्या वाड्यांच्या अवजड दरवाजात एक लहानशी दिंडी असे. मोठा दरवाजा उघडायचा तो लग्नाकार्याला. रोजची ये-जा दिंडीतून, मान वाकवून. आपल्या खिशातल्या मोबाइललाही अशी एक दिंडी आहे, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते घरातले साडेअठरा हजार रुपये गेल्यावर.

माझा मुलगा एका औषध कंपनीत एम. आर. आहे. दिवसभरात किती डॉक्टरांना भेटलो, कोणत्या दुकानात किती माल खपला, याचा रोजचा रिपोर्ट भरण्यासाठी कंपनीने स्वतःचे अ‍ॅप करून घेतले. ते प्ले स्टोअरवर नव्हते. साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक फाइल टाकली आणि खाली लिहिले, ‘फोन धोक्याची सूचना दाखवील, तिकडे लक्ष न देता पुढे जावे.’ साहेबांचाच हुकूम म्हटल्यावर सगळे पुढे गेले. महिन्याभराने त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, वाहतुकीचा नियम मोडल्याचे चलन म्हणून आणखी एक फाइल आली. या वेळी फोनने फारसे हटकलेही नाही. दंडाचे पाचशे रुपये भरण्यासाठी मुलाने कार्डाचा नंबर दिला. बँकेकडून आलेला ओटीपी त्या अ‍ॅपने परस्पर वाचला आणि पुढचे सांगायला नको. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. थोडे पैसे गोठवले गेले, बाकीचे गेले ते गेलेच. मी रागावलो तेव्हा मुलगा एवढेच म्हणाला, ‘बाबा, ऑफिसचे अ‍ॅपही असेच आले होते.’

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही, आणि म्हणूनच या विषयात शिरलो.

मुळात एखाद्या धंद्याने आपले खासगी अ‍ॅप सार्वजनिक स्टोअरवर मांडावे तरी कशाला? स्टोअर ही बाजारपेठ आहे. कंपनीचे दर, वितरकांच्या ऑर्डरी, कर्मचाऱ्यांची हजेरी या घरातल्या गोष्टी. त्या कोणी चव्हाट्यावर लावत नाही. शिवाय स्टोअरवर प्रत्येक दुरुस्तीची तपासणी व्हायची, त्यात वेळ जायचा. तेव्हा आपल्या माणसांपुरती वेगळी वाट असावी, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न आहे तो त्या वाटेवर पहारा कोणाचा आणि किल्ली कोणाच्या कमरेला, हा.

याचे उत्तर जगाला २०१९ च्या जानेवारीत लख्ख दिसले. अ‍ॅपल कंपनी मोठ्या उद्योगांना वर्षाला २९९ डॉलर घेऊन एक विशेष प्रमाणपत्र देते. त्याची मोहोर उमटवलेले अ‍ॅप स्टोअरवर न जाता थेट आयफोनवर चढते, अ‍ॅपल ते तपासत नाही. अट एकच, ते फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांना द्यायचे. फेसबुकने ही मोहोर वापरून ‘फेसबुक रिसर्च’ नावाचे अ‍ॅप बाहेरच्या लोकांना वाटले. १३ ते ३५ वर्षे वयाच्या माणसांना महिन्याला २० डॉलरपर्यंत द्यायचे आणि मोबदल्यात त्यांच्या फोनवरची सारी वर्दळ न्याहाळायची, असा तो व्यवहार होता. तेरा वर्षांची मुले! २९ जानेवारीला ही बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपलने फेसबुकचे प्रमाणपत्र रद्द केले.

त्याबरोबर त्या मोहोरेची सगळीच अ‍ॅप एकदम मेली. फेसबुकच्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांना बसच्या वेळा दिसेनात, उपाहारगृहातला बेत कळेना, चाचणीसाठी तयार केलेली नवी अ‍ॅप उघडेनात. पाठोपाठ गूगलचेही असेच एक अ‍ॅप उघडकीस आले आणि ३१ जानेवारीला गूगलवरही तीच पाळी आली. एक-दोन दिवसांत दोघांची प्रमाणपत्रे परत मिळाली. पण जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांची घरची कामे तिसऱ्या कंपनीच्या एका निर्णयाने ठप्प होऊ शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. कारवाई योग्य होती, याविषयी मला शंका नाही; मात्र फिर्यादी, न्यायाधीश आणि दंडाधिकारी तिन्ही एकच, हेही खरे.

आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन आहेत आणि तिथली दिंडी पुष्कळ सैल आहे. एपीके म्हणून ओळखली जाणारी फाइल कुठूनही आणावी आणि चढवावी. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून ही परवानगी सरसकट नसते, वाट पाहून दिली जाते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला एकदा परवानगी दिली की व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या कोणत्याही फाइलला ती लागू होते आणि आपण काढून घेईपर्यंत तशीच राहते. आमच्या घरात नेमके हेच झाले. साहेबांसाठी उघडलेल्या दिंडीतून चोर आला. लग्नपत्रिका, विजेचे बिल, बँकेची केवायसी अशा नावांनी फिरणाऱ्या फायलींचे फावते ते यामुळेच.

खेदाची बाब अशी की याला सरळ पर्याय आहेत आणि ते महागही नाहीत. गूगलच्या प्ले स्टोअरमध्येच एखाद्या कंपनीपुरते खासगी अ‍ॅप ठेवता येते. ते तिच्या कर्मचाऱ्यांनाच दिसते. अ‍ॅपलकडेही तशी सोय आहे. अँड्रॉइडवर तर कामाचा कप्पा वेगळा करता येतो: कंपनीचा अधिकार त्या कप्प्यापुरता, नोकरी सुटली तर तेवढाच पुसायचा, घरचे फोटो आणि संदेश जिथल्या तिथे. पण त्यासाठी प्रत्येकाचे खाते उघडायला हवे, व्यवस्था पाहणारा माणूस नेमायला हवा. ग्रुपवर फाइल टाकली की अर्ध्या मिनिटात काम होते. फोन कर्मचाऱ्याचा, रिचार्ज त्याचा, धोकाही त्याचाच.

मग दिंडीच बंद करावी का? तेही मला पटत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा स्टोअरबाहेरून अ‍ॅप देण्याच्या मार्गात अडथळा आणू नये, असेही बजावले होते. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण ही अट काढून टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, अँड्रॉइडवर चढणाऱ्या अ‍ॅपचा निर्माता कोण हे आधी नोंदवलेले असले पाहिजे, मग ते स्टोअरबाहेरून का येईना; सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतरत्र २०२७ पासून पुढे. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचेही मान्य केले. निनावी चोराला याने चाप बसेल. पण नोंदवही गूगलच्याच हातात राहणार, आणि २०१९ चा अनुभव ताजा आहे. शिवाय स्टोअरचा पहारा तरी कितपत कडक? रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये ऐंशीहून अधिक अ‍ॅप स्टोअर धुंडाळली, तेव्हा कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप सापडली. त्यांतली ६०० बेकायदा होती.

माझे मत विचाराल तर पहिली जबाबदारी गूगलची नाही, सरकारचीही नाही. ती फाइल पाठवणाऱ्या मालकाची आहे. धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करा, असे लिहिणारा साहेब काय शिकवतो आहे, हे त्याला कळले पाहिजे. मुलाने हे कंपनीत सांगून पाहिले. विषय वर कळवतो, असे उत्तर मिळाले.

त्या रात्री आम्ही बापलेकांनी बसून व्हॉट्सअ‍ॅपची ती परवानगी काढून टाकली. सोमवारी सकाळी ग्रुपवर अ‍ॅपची नवी आवृत्ती आली, खाली तीच सूचना. नऊच्या आत ती चढवली नसती तर हजेरी लागली नसती. मुलाने परवानगी पुन्हा दिली, अ‍ॅप चढवले, परवानगी पुन्हा काढली आणि बॅग उचलून कामाला गेला.