आधी लायसन्स, मग ब्रेकर

२०२३ च्या दिवाळीआधी आम्ही डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या घराचं काम काढलं. बिल्डिंग १९९४ ची, चार मजली, लिफ्ट नाही. किचनचा ओटा हलवायचा होता, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं आणि हॉल-बेडरूमला नव्या टाइल्स बसवायच्या होत्या. कॉन्ट्रॅक्टर मावशीच्या ओळखीचा. मी त्याला तीनच प्रश्न विचारले: किती पैसे, किती दिवस आणि दिवाळीला घर मिळेल ना? बीम कुठला, साधी भिंत कुठली हे तो कसं ठरवतो, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. आणि मी कोण? ऑफिसमध्ये दोन ओळींचा कोड बदलला तरी दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय तो पुढे जाऊ न देणारा इंजिनिअर.

"जुन्या लाद्या काढल्या तर चाळीस हजार वाढतील, वरूनच बसवू," तो म्हणाला. आम्ही हो म्हटलं. "बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल," तो म्हणाला. त्यालाही हो. साठ टक्के ॲडव्हान्स रोख दिला. एसीच्या पाइपसाठी त्याच्या माणसाने थेट बीमला भोक पाडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आमच्या छताचा गिलावा पडतोय." कॉन्ट्रॅक्टर हसला, "काकू, जुनी बिल्डिंग आहे, एवढं चालतंच." मी काकूंना रंगाचे पैसे देतो म्हणालो. त्यांनी घेतले नाहीत. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण असे हजारो आहेत आणि त्यांना कामावर ठेवणारे आपण लाखो आहोत.

मग २० मे २०२५ आला. कल्याण पूर्वेत सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. दुपारी तिथला स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत तळापर्यंत गेला. सहा जण गेले, त्यात एक लहान मूलही होतं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो ज्या फ्लॅटमध्ये काम चालू होतं त्याच्या मालकावर. बातमी वाचली तेव्हा मी आमच्या नव्या टाइल्सवर पाय ठेवून बसलो होतो.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. पदवी कॉम्प्युटरची असली तरी पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं. दोन इंच मालाचा थर आणि वर टाइल, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १२० किलो. दहा बाय बाराच्या खोलीत हे वजन १,३०० किलोच्या आसपास जातं. बेडरूममध्ये दीड वॅगनआर कायमची पार्क केल्यासारखं. घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. पहिल्या लादीचं वजन वेगळं धरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या थराचं वजन कुणीच धरलेलं नसतं. आमच्याकडे मूळ मोझॅक, त्यावर २००९ च्या टाइल्स आणि त्यावर आमची हौस, असे तीन थर आहेत. फोडलेलं राबिट खोलीच्या मधोमध फूटभर उंच रचलं तर ते एकटंच दर चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात जातं, आणि आमच्याकडे ते चार दिवस तसंच पडून होतं. डिझाइनमध्ये सुरक्षिततेची जागा ठेवलेली असते म्हणून आपली घरं उभी आहेत. पण तीच जागा तीस वर्षांची गळती आणि गंजलेली सळईही खात असते.

आता सांगा, हे कॉन्ट्रॅक्टरला माहीत असायला हवं असं कुठला कायदा म्हणतो? आपल्याकडे रिक्षा चालवायला बॅज लागतो. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने करायचं असतं. आर्किटेक्टला नोंदणी लागते, स्ट्रक्चरल इंजिनिअरला लायसन्स लागतं. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटलाही २०२३ पासून महारेराची परीक्षा द्यावी लागते. पण त्याच फ्लॅटमध्ये ब्रेकर घेऊन शिरणाऱ्याला काहीही लागत नाही. व्हिजिटिंग कार्ड छापलं की तो 'इंटिरिअर अँड सिव्हिल वर्क'. रेरा कायद्याकडे पाहावं, तर ज्या दुरुस्तीत विक्री नाही ती त्याच्या कक्षेबाहेर आहे.

कॅलिफोर्नियात १,००० डॉलरच्या वरचं काम घ्यायचं तर कॉन्ट्रॅक्टरकडे सरकारी लायसन्स लागतं. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचा बाँड. घराच्या दुरुस्तीसाठी ॲडव्हान्स घ्यायचा तर साधारणपणे एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच. लायसन्सचा नंबर जाहिरातीत छापावा लागतो आणि कुणालाही तो वेबसाइटवर तपासता येतो. तिथे फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. पण तिथे फसवणाऱ्याकडून काढून घेता येईल असं काहीतरी असतं. आपल्या कॉन्ट्रॅक्टरकडून काय काढून घेणार? तो सिमकार्ड बदलतो आणि संपतो विषय.

इथे हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "कल्याण-डोंबिवलीत बसून लायसन्सच्या गोष्टी सांगतोस?" बरोबर आहे. इथेच ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून महारेराचे नंबर मिळवले. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी जनहित याचिका केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. नंबर बघून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली. पण यातून 'नंबर निरुपयोगी' हा धडा घेणं म्हणजे बनावट नोटा सापडल्या म्हणून पैसेच बंद करण्यासारखं आहे. तिथे कागद तपासलाच गेला नाही, हा दोष होता. आणि खोटं कसं सिद्ध झालं? कागद होता, म्हणूनच. आमच्या कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध माझ्याकडे खोटा कागदसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गरीब मिस्त्र्याचं पोट मारणार का? सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाकडे लायसन्स मागा, असं मी म्हणत नाही. ते मागायचं ठेका घेणाऱ्याकडे, जो सही करतो आणि पैसे घेतो. परीक्षा मराठीत, हिंदीत, तोंडी घ्या. वीस वर्षं अनुभव असलेला मिस्त्री ती आरामात पास होईल आणि कदाचित स्वतः ठेकेदारही होईल. आज त्याचा हात आणि दुसऱ्याचं कार्ड, असा धंदा आहे. स्लॅब पडतो तेव्हा खाली सापडणाऱ्यांत तोही असू शकतो.

लकी कंपाउंड आठवून आपण बिल्डरला शिव्या घालतो. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हा राग योग्यच होता. पण २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धीसाई इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा संशय होता तळमजल्यावरच्या नूतनीकरणावर. सप्तशृंगीत तर फरशीचं काम होतं. बिल्डर एकदा बांधून निघून जातो. त्यानंतर तीस वर्षं बिल्डिंग फोडत असतो आपण. बिल नको, परवानगी नको, लवकर हवं आणि शेजारच्यापेक्षा स्वस्त हवं, ही आपली मागणी. लायसन्सवाला आपल्याला परवडत नाही असं आपण म्हणतो आणि मॉड्युलर किचनच्या सॉफ्ट-क्लोज ड्रॉवरसाठी तीस हजार जास्त देतो.

सरकारने ठरावीक रकमेवरच्या घरदुरुस्तीसाठी ठेकेदारांची सक्तीची नोंदणी आणावी, ॲडव्हान्सवर मर्यादा घालावी आणि नोंदणी रद्द झालेल्यांची यादी उघडी ठेवावी. ते होईपर्यंत सोसायट्यांना कुणी अडवलेलं नाही. आमच्या सोसायटीचा एनओसी फॉर्म फक्त काम किती दिवस चालणार आणि डिपॉझिट किती, एवढंच विचारायचा. गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत भांडून आम्ही त्यात चार ओळी वाढवल्या: काय फोडणार, जुन्या लाद्या काढणार का, राबिट रोज खाली जाणार का, आणि भिंतीला हात लावणार असाल तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. सेक्रेटरी काका वैतागले, "एवढं कोण भरणार?" पहिला फॉर्म दुसऱ्या मजल्यावरून आला. त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरने सही करायला नकार दिला. त्यांनी दुसरा शोधला, बारा हजार जास्त गेले.

आम्हीही इंजिनिअरला घरी बोलावलं. त्यांनी बीमचं भोक पाहिलं, लादीच्या कडेला पट्टी लावून थर मोजले आणि वरचे दोन्ही थर काढायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "तुमची फी किती?" त्यांनी आकडा सांगितला. २०२३ मध्ये आम्ही जीएसटीचे जेवढे पैसे 'वाचवले' होते, त्याच्या निम्म्याहून कमी. येत्या महिन्यात लाद्या निघतील. या वेळी काम सुरू व्हायच्या आधी मी खाली जाऊन काकूंना तारीख सांगून आलो आहे, आणि इंजिनिअरचा फोन नंबरही देऊन आलो आहे.