नाईलच्या पाण्याचा तंटा

इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी ९ सप्टेंबर २०२५ रोजी निळ्या नाईलवरील महाधरणाचे उद्घाटन केले. त्याच दिवशी कैरोहून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे निषेधाचे पत्र रवाना झाले. परक्या कर्जावर न विसंबता, रोखे विकून आणि सामान्य नोकरदारांच्या वर्गणीतून उभारलेल्या या धरणाचा इथिओपियन जनतेला अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होय.

इजिप्तची चिंताही खोटी नाही. दहा कोटींहून अधिक वस्तीच्या या देशाचे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी नाईलमधूनच येते. पावसाची तेथे आशाच करावयास नको. परंतु ज्या १९५९ च्या करारावर त्याची सारी भिस्त आहे, तो इजिप्त आणि सुदान या दोघांनीच आपसांत केलेला. एकाने ५५.५ अब्ज घनमीटर घेतले, दुसऱ्याने १८.५ अब्ज. आस्वानला पोहोचणारे सुमारे ८५ टक्के पाणी ज्या इथिओपियाच्या पठारावरून उतरते, त्याला कोणी विचारलेही नाही. पंगतीला न बोलाविलेल्याने वाढपाचे नियम मात्र पाळावेत, ही अपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आता, विजेचे धरण पाणी पिऊन टाकीत नाही. चक्रे फिरवून ते पुढे वाहतेच. २०२० पासून जलाशय भरला जात असता इजिप्तवर भाकीत केलेले अरिष्ट कोसळले नाही, हेही मान्य केले पाहिजे. खरा पेच लागोपाठच्या अवर्षणांचा आहे. ७४ अब्ज घनमीटरांचे हे तळे रिते झाले, तर ते आधी भरावयाचे की खालच्यांसाठी पाणी आधी सोडावयाचे? या प्रश्नाचे बंधनकारक उत्तर इथिओपिया देत नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाटाघाटी त्यावाचूनच संपल्या. तिसरा भागीदार सुदान तर त्याच वर्षीच्या एप्रिलपासून यादवीत होरपळू लागला.

अलमट्टीच्या उंचीचा विषय निघाला की आमचे सांगली-कोल्हापूर आजही अस्वस्थ होते. आणि आपल्यापाशी तर लवाद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. नाईलकाठच्या राष्ट्रांवर असा हुकूम चालविणारे कोणीच नाही. म्हणून दुष्काळात किती पाणी सोडणार याचा किमान आकडा इथिओपियाने लेखी द्यावा, आणि तो हाती पडताच इजिप्तने १९५९ चा कागद बाजूस ठेवून वाटपाची बोलणी नव्याने करावी. पहिले पाऊल मात्र इथिओपियानेच टाकावयास हवे. धरणाचे दरवाजे आज त्याच्या हाती आहेत.