पणजोबांचं नाव सांगा, तेही वडिलांच्या नावासकट

तुमच्या पणजोबांचं पूर्ण नाव सांगा. घरी फोन करू नका, आहे तसं सांगा. आता त्यांच्या वडिलांचं? आमच्या कट्ट्यावर हा खेळ मी परवा खेळून बघितला. सातजणांपैकी दोघं पणजोबांपर्यंत पोहोचले, त्यापुढं कुणीच नाही. एकजण म्हणाला, 'भावा, क्रिकेटच्या टीमची अकरा नावं विचार, सांगतो.'

हसण्यावारी नेऊ नका. कारण या एका नावावर सध्या आपल्यातल्या कितीतरी जणांची ॲडमिशन अडकलेली असते.

जात प्रमाणपत्र काढणं हा पहिला टप्पा. खरी परीक्षा जात वैधतेची. तिथं तुम्हाला दाखवावं लागतं की ठरलेल्या तारखेच्या आधी तुमच्या वडिलांकडच्या कुणाची तरी जात कागदावर नोंदलेली आहे. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आपण विशीत, आणि पुरावा आजोबा-पणजोबांच्या काळातला. कागद जितका जुना तितकं त्याला वजन, स्वातंत्र्यापूर्वीचा असेल तर विचारूच नका.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं हा विषय घराघरात नेला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. तहसील कचेऱ्या, शाळा, भूमी अभिलेख, कारागृहं, जिथं जिथं जुनी दप्तरं होती तिथं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, आणि पाठोपाठ आपल्याकडं सातारा गॅझेट, कोल्हापूर गॅझेट हे शब्द चहाच्या गाड्यावरही ऐकू यायला लागले.

इथं एक गफलत आहे, ती आधी दूर करूया. गॅझेटियरमध्ये तुमचे पणजोबा नसतात. १८८६ साली छापलेल्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये समाजांची वर्णनं आहेत, आकडे आहेत, पिकं आहेत, रस्ते आहेत. माणसांची यादी नाही. त्यातून फार तर एवढं कळतं की या भागात अमुक समाज राहत होता. तुमचं घराणं त्यातलं, हे दाखवायला वेगळा कागद लागतो. त्यामुळं 'गॅझेट लागू झालं की दाखला हातात' असं कुणी सांगत असेल तर जरा दमानं घ्या.

मग कागद कुठला? सातबारा म्हणाल, तर त्यावर जातीचा रकानाच नाही. पण त्याच्यामागचे फेरफार सोन्यासारखे. खातेदार वारला की वारस लागतात, आणि कोण कुणाचा मुलगा हे तिथं लिहिलेलं असतं. वंशावळीचे सांधे असे जुळतात. जात मिळते ती बहुतेकदा दोन ठिकाणी: गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर.

शाळेवरून आठवलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०२ चा पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा आपल्याला पाठ असतो, पण आरक्षणाच्या कामी आज हा दुसरा निर्णयही किती उपयोगी पडतोय बघा. शेतकऱ्याचं पोर शाळेत गेलं म्हणून त्याचं नाव, बापाचं नाव, जात रजिस्टरात चढली. शंभर वर्षांनी त्याचा पणतू तोच उतारा मागायला मुख्याध्यापकांसमोर उभा.

कागद सापडला तरी वाचायचा कुणी? जुनी दप्तरं मोडीत. लेखणी न उचलता ओळ पळत जाते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आडनावही बऱ्याचदा नसतं, 'बाळू बिन रामा' एवढंच. बिन म्हणजे चा मुलगा, आणि बाईच्या नावापुढं कोम, म्हणजे ची बायको. एका गावात तीन बाळू बिन रामा निघाले की संपलं. जातीच्या जागी कधी नुसतं 'कु.'. साल शकात असेल तर ७८ मिळवा, फसलीत असेल तर ५९०. हे सगळं येणारी माणसं आहेत किती? पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तरी प्रत्येक तालुक्यातल्या दप्तरासमोर एक जाणकार बसवणं अवघडच. इतिहासवाल्यांनो, हा करिअरचा ऑप्शन आहे, खरंच.

आपल्या जिल्ह्याचा नकाशाही गोंधळात भर घालतो. करवीर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, कुरुंदवाड वेगळं संस्थान होतं, आणि चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. म्हणून एकाच वर्गातल्या तिघांचे पूर्वज तीन वेगवेगळ्या सरकारांच्या दप्तरात बसलेले असतात.

आमच्या घरचं सांगते. चुलतभावाच्या वैधतेसाठी वंशावळ लिहायची म्हणून आजोबांना बसवलं. तिसऱ्या पिढीला अडकले. शिवाय कुणबी म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. 'आपण मराठा. हे काय नवीन?' बाबा म्हणाले, दोन्ही नाव एकाच कागदावर असू शकतात. आजोबा उठून गोठ्यात गेले. मला वाटतं, कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत हा सीन झालाय. पणजोबांचं नाव शेवटी मिळालं ते एका फेरफारात. एका कचेरीत तीन फेऱ्या झाल्या, चौथ्या वेळी कारकुनानं स्वतःहून जुनं पुस्तक काढलं. पणजीचं नाव मात्र कुठंच मिळालं नाही. वंशावळीच्या त्या झाडावर बायकाच नाहीत, सगळे बापेच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव. ते लिहिणाऱ्याला मजूर मोजायचे होते, आज पणतवंडं त्यावरून आपलं गाव शोधतात. कॅरिबियन बेटांवर तर त्याहून वाईट. १८१७ पासून पुढं ब्रिटिशांनी गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या. त्यात माणसाला बहुधा एकच नाव, त्याच्यासोबत मालकाचं. तिथली कुटुंबं आजही चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि मळ्यांचे जमिनीचे कागद चाळून त्या एका नावाच्या मागं जातात. आपल्याकडं कागद जमिनीच्या साऱ्यासाठी होते, तिकडं मालमत्ता मोजायला.

आणि मला खरा आक्षेप इथंच आहे. ज्याच्याकडं जमीन होती, ज्याचं पोर शाळेत गेलं, त्याचा कागद तयार झाला. मग पालावर राहणाऱ्याचं काय? ज्यांचे आजोबा गावोगाव फिरत होते, त्यांना कोतवालानं कुठल्या बुकात घ्यायचं? विमुक्त-भटक्यांच्या पोरांकडं १९६१ च्या आधीचा पुरावा मागणं म्हणजे ज्याला घर नव्हतं त्याला घरफाळ्याची पावती मागणं. दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं, रीतीभाती विचारतं, हे खरं. पण तोपर्यंत प्रवेशाची मुदत थांबत नाही. मराठा-कुणबी नोंदींसाठी सरकारनं जी यंत्रणा राबवली, ५० लाखांहून अधिक नोंदी शोधून काढल्या, तीच यंत्रणा पालांपर्यंत गेली असती तर? दप्तरं तीच, मोडी वाचणारे तेच. त्यांच्यासाठी लाखोंचे मोर्चे निघत नाहीत, एवढाच फरक.

सुट्टीत गावी जाणार असाल तर आजी-आजोबांशेजारी मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून बसा. नावं विचारा, आजीच्या सासूचंही विचारा. आमचे आजोबा आता बोलायला लागलेत. परवा रात्री जेवताना त्यांना आपल्या आजोबांच्या भावाचं नाव आठवलं, आणि चुलतभाऊ हात न धुताच वही आणायला पळाला.