मरळ आणि ‘आक्रमक’ हे विशेषण

फ्लाय फिशिंगच्या छंदाविषयी लिहिताना शिकारी माशाला ‘आक्रमक’ म्हणण्याची रीत आहे. आपल्याकडे हे विशेषण बहुधा मरळीच्या वाट्याला येते. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या यावल तालुका ओलांडून तापीला मिळतात. तापीच्या दक्षिण तीरी भुसावळसारखे रेल्वेचे शहर आहे. शहरालगतच्या अशा संथ, गढूळ पाण्यातही मरळ तग धरते, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेते. तिला पकडण्याचा सारा डाव तिच्या तथाकथित आक्रमकतेवर रचलेला असतो. म्हणून हे विशेषण एकदा तपासून पाहावेसे वाटते.

साध्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगच्या गळाला खाण्याजोगे काहीच नसते. पिसे, केस आणि दोरा गुंडाळून माशी, बेडूक किंवा लहान मासा यांचा निव्वळ आभास निर्माण केलेला असतो. या आमिषाला वजन जवळजवळ नसतेच. फेकीचे बळ जड दोरीतून येते. इंग्रजीत या कलेला मोठी साहित्यपरंपरा आहे. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली प्रसिद्ध झाले. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने फ्लाय फिशिंगवरचा भाग जोडला. भारतातील मासेमारीवर एच. एस. थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली आले. परंतु कॉटनचा ट्राउट थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला. तिथली भाषा मरळीला जशीच्या तशी लावली की गफलत होते.

पावसाळा हा मरळीच्या विणीचा काळ. पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी तरंगतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांचा तांबूस घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. खाली मोठी मरळ पहाऱ्यावर असते. घोळक्याजवळ काहीही आले तरी ती त्यावर तुटून पडते. गळकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो नेमका घोळका हेरतो आणि पिसांचा बेडूक त्यावरून ओढतो. तेव्हा मरळ भुकेने झेपावत नाही. आपण जिला आक्रमकता म्हणतो, ती तिची राखण असते.

मोठा मासा लहान माशाला गिळतो, यावरून आपण ‘मत्स्यन्याय’ हा शब्द घडवला. शतपथ ब्राह्मणातला लहानगा मासा मनूकडे आश्रय मागतो, तो याच भयापोटी. मरळही इतरांच्या पिल्लांना गिळतेच. तिला संत ठरवण्याचे कारण नाही. पण आपल्या पिल्लांपुरती मनूची भूमिका तीच बजावते. ‘आक्रमक’ या विशेषणाला यातली अर्धीच बाजू दिसते. मराठीत ‘गळ घालणे’ म्हणजे आर्जव करणे. इथे मात्र गळ घातला जातो तो थेट वात्सल्याला.

यावर छंदी गळकऱ्याचे उत्तर ठरलेले असते: आम्ही मासा परत सोडतो. पण तो पाण्याबाहेर असतो ती काही मिनिटेच निर्णायक असतात. पहारा उठला की टपून बसलेले इतर मासे पिल्लांवर ताव मारतात. सुटका मरळीची होते, घोळक्याची होत नाही. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना हा उपदेश करण्याचा अधिकार छंदी माणसाला नाही.

माझा या छंदाला विरोध नाही. गावांनी आपल्या नद्यांकडे पाठ फिरवली आहे. अशा वेळी काठावर तासन् तास पाणी निरखणारा कुणी असणे, हेही मोलाचे आहे. पाण्यावरचा फेस आणि मेलेले मासे कदाचित त्यालाच आधी दिसतील. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की घोळका दिसला की दोरी गुंडाळावी. आणि त्याविषयी लिहिताना मरळीला ‘राखणदार’ म्हणावे. शब्द बदलला की कदाचित हातही थांबेल.