लेनिनग्राडची बसगाडी आणि आपण

गेल्या सहामाहींत आम्हीं नववीच्या वर्गास "मी मोठा झाल्यावर" या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका हुशार मुलानें लिहिलें कीं, मी मोठा झाल्यावर प्रथम एक मोटार विकत घेईन, म्हणजे बसची वाट पाहत उन्हांत उभें राहण्याचा प्रसंग माझ्या आईवर पुन्हां येणार नाहीं. आईविषयींची त्याची ही कळकळ पाहून आम्हांस आनंद झाला, व निबंधास आम्हीं गुणही चांगले दिले. परंतु वही परत करतांना एक प्रश्न मनांत राहिला तो राहिलाच. या मुलाची आई रांगेतून सुटेल. पण रांगेंत तिच्या मागें उभी असलेली म्हातारी, जिचा मुलगा मोटार घेऊं शकणार नाहीं, तिनें काय करावें?

बस म्हणजे ज्यांस दुसरें वाहन परवडत नाहीं त्यांची नाइलाजाची सोय, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत, व स्पष्ट बोलल्याची क्षमा असावी, पालकवर्गांतही फार पसरलेली आहे. आम्हांस ही समजूत चुकीची वाटते. बस म्हणजे शहरानें आपल्या रहिवाशांस दिलेलें एक वचन होय. अमक्या रस्त्यानें, अमक्या वेळीं, ठरलेलें भाडें देणाऱ्या कोणासही, तो कोण व कोठला हें न विचारतां आम्ही नेऊं, असें तें वचन आहे. तें पाळलें जातें कीं मोडलें जातें याची परीक्षा सशक्तांच्या सोयीवरून करावयाची नसते. दुर्बळाचा पाय बसच्या पायरीवर पडतो कीं नाहीं यावरून करावयाची असते. हें नुसतें सांगून पटावयाचें नाहीं, म्हणून एका दूरच्या शहराची हकीकत येथें देतों.

आपल्या मुंबईंत पहिली बसगाडी १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच सालीं, सुमारें अडीच महिने आधीं, म्हणजे २ मे १९२६ रोजीं, रशियांतील लेनिनग्राड शहरांतही बसची नियमित वाहतूक सुरू झाली. म्हणजे या दोन शहरांच्या बसगाड्या एका वयाच्या बहिणीच म्हणावयाच्या. पीटर बादशहानें १७०३ सालीं वसविलेलें हें शहर नेवा नदीच्या मुखाशीं अनेक बेटांवर पसरलेलें आहे. १९१४ पर्यंत त्याचें नांव सेंट पीटर्सबर्ग होतें. मग तें पेट्रोग्राड झालें, १९२४ सालीं लेनिनग्राड झालें, आणि १९९१ सालीं पुन्हां सेंट पीटर्सबर्ग झालें. नांवें बदललीं, राज्यें बदललीं; थांब्यावर उभा राहणारा माणूस मात्र तोच राहिला.

खरें पाहतां १९२६ पूर्वीही तेथें बस आली होती. शहरांत घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या, व रस्त्यांवरील हक्क त्यांच्या कंपनीकडे असल्यामुळें १८९५ पासून विजेची ट्राम हिवाळ्यांत गोठलेल्या नेवा नदीच्या बर्फावरून चालवावी लागली! रस्त्यांवर विजेची ट्राम १९०७ च्या सप्टेंबरांत आली, आणि त्याच वर्षीं २४ नोव्हेंबर रोजीं पहिली मोटार-बसही धावूं लागली. ही बस खासगी भांडवलाची होती. पुढें १९१४ चें महायुद्ध आलें, त्यामागून क्रांति व यादवी आली, आणि हा उपक्रम बंद पडला. वीस लाखांहून अधिक वस्तीचें हें शहर १९२० पर्यंत सुमारें सात लाखांवर आलें. अशा खचलेल्या शहरानें सहा वर्षांनीं पुन्हां बसगाड्या सुरू केल्या, व त्या आपल्या अखत्यारांत सुरू केल्या. १९३० नंतर मॉस्को व यारोस्लाव्ल येथील कारखान्यांतून येणाऱ्या सांगाड्यांवर लेनिनग्राडच्या कारागिरांनीं स्वतः बसचीं शरीरें चढविलीं. त्या काळच्या राज्यकारभाराची आम्ही स्तुति करीत नाहीं. निरपराध माणसें त्यांत तुरुंगांत गेलीं व मेलीं, हें विसरून चालावयाचें नाहीं. आम्ही बोलतों तें त्या कारागिरांविषयीं व ड्रायव्हरांविषयीं.

त्यांची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. ८ सप्टेंबर १९४१ रोजीं जर्मन सैन्यानें लेनिनग्राडचा जमिनीवरील शेवटचा मार्ग तोडला. वेढा पूर्णपणें उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजीं. पेट्रोल संपत आलें तशा बसगाड्या रस्त्यांवरून नाहींशा झाल्या. डिसेंबरांत वीज तुटली, आणि ट्रामगाड्या व ट्रॉलीबस जेथल्या तेथें उभ्या राहून बर्फाखालीं गेल्या. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत मुलांस, वृद्धांस व कचेरींतील नोकरांस दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्या पावांतही सगळें धान्यच असे असें नाहीं. या वेढ्यांत सहा लाखांहून अधिक नागरिक मेले, व त्यांतील बहुतेक उपासमारीनें मेले. बालवाचकहो, ट्राम बंद झाली याचा त्या शहरांत अर्थ काय झाला तो ध्यानांत घ्या. ज्याच्या अंगांत चालण्याचें बळ उरलें नाहीं, तो पावाच्या दुकानापर्यंतही पोहोंचूं शकला नाहीं.

शहराच्या पूर्वेस लाडोगा नांवाचें प्रचंड सरोवर आहे. तें गोठल्यावर २२ नोव्हेंबर १९४१ रोजीं मोटार-लॉऱ्यांचा पहिला तांडा त्याच्या बर्फावरून गेला. पुढें २२ जानेवारी १९४२ पासून लोकांस त्या वाटेनें बाहेर काढण्याचें मोठें काम सुरू झालें. शहरांतील फिनलंड स्टेशनापासून सरोवराच्या कांठापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढें सुमारें तीस किलोमीटर बर्फ. उघड्या लॉऱ्यांबरोबर या कामास बसगाड्याही लावल्या गेल्या. त्यांत लेनिनग्राडच्या होत्या, तशा मॉस्कोहून पाठविलेल्याही होत्या. कालपर्यंत ज्या गाड्या कारकुनांस कचेरींत व मुलांस शाळेंत नेत, त्या आतां त्याच मुलांस मृत्यूच्या दाढेंतून बाहेर नेऊं लागल्या. वरून विमानांचा मारा होई. बर्फ केव्हां फुटेल याचा नेम नसे. गाडी बुडूं लागल्यास उडी मारतां यावी म्हणून कित्येक ड्रायव्हर हाडें गोठविणाऱ्या थंडींतही आपल्या बाजूचें दार उघडें ठेवून गाडी हांकीत. १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांच्याही आंत, साडेपांच लाखांहून अधिक माणसें त्या वाटेनें बाहेर पडलीं. त्याच १५ एप्रिल रोजीं शहरांत उतारूंची ट्राम पुन्हां सुरू झाली, आणि तिची घंटा ऐकून लोक रस्त्यांत उभे राहून रडले, अशी आठवण अनेकांनीं लिहून ठेवली आहे. गाडी आली, याचा अर्थ शहर आपणांस विसरलें नाहीं, हें त्या लोकांस कोणीं समजावून सांगावें लागलें नाहीं.

युद्धानंतर शहर वाढलें. १९५५ सालीं भुयारी रेल्वे आली; परंतु शहराच्या कडेला उठलेल्या नव्या वस्त्यांत ती पोहोंचावयास वेळ लागे, आणि तेथें प्रथम जाई ती बसच. या काळांतली एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. कांहीं वर्षांत तेथील बसमधून कंडक्टर काढून टाकण्यांत आले, व त्यांच्या जागीं पैशांची एक पेटी बसविण्यांत आली. १९६१ नंतर बसचें भाडें पांच कोपेक होतें, आणि तें सुमारें तीस वर्षें तेंच राहिलें. उतारूनें आपल्या हातानें पेटींत पैसे टाकावे व आपल्या हातानें तिकीट फाडून घ्यावें. गर्दी असली तर नाणें हातोहात पेटीपर्यंत जाई, आणि तिकीट हातोहात परत येई. फुकट जाणारे नव्हते असें नाहीं, आणि अधूनमधून तपासनीसही चढत. परंतु रोजचा व्यवहार चालला तो अनोळखी माणसांनीं एकमेकांच्या नाण्यास हात लावूनही तें न ठेवण्याच्या संवयीवर.

१९९१ सालीं सोव्हिएट राज्य मोडलें. सरकारी तिजोरी रिकामी झाली, गाड्या जुन्या झाल्या, सुटे भाग मिळेनात. थांब्यावर तासन् तास उभे राहणाऱ्या लोकांच्या मदतीस खासगी छोट्या गाड्या आल्या. त्यांस तेथें "मार्श्रूत्का" म्हणतात. ही गाडी चपळ. हात केला कीं थांबे, आणि मोठी बस जेथें येत नसे तेथें येई. हा तिचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. पण तिचा सारा हिशेब गल्ल्यावर होता. ड्रायव्हर एका हातानें चाक धरी, व दुसऱ्या हातानें सुटे पैसे मोजी. उतारू आपणांसच मिळावे म्हणून गाड्या एकमेकींशीं शर्यत लावीत. आणि मुख्य गोष्ट ही कीं, सरकारनें वृद्धांस दिलेला सवलतीचा पास या खासगी गाड्यांत चालत नसे. ज्या वृद्धांस तो पास होता त्यांत वेढ्यांतून वांचलेलींही माणसें होतीं. लहानपणीं ज्यांस बसनें बर्फावरून सुखरूप पार नेलें, त्यांच्यासमोर म्हातारपणीं गाडी येई, दार उघडे, आणि पास पाहून त्यांस नकार मिळे. कायदा कोठेंही मोडला नव्हता. मोडलें होतें तें वचन.

हें पुढें शहराच्याही ध्यानांत आलें. १ एप्रिलपासून १५ जुलै २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें सेंट पीटर्सबर्गनें शहरांतील सारे बसमार्ग एका नियमाखालीं आणले. गाड्या चालविणाऱ्यांत खासगी कंपन्या राहिल्या. परंतु त्यांस पैसे मिळूं लागले ते उतारूंच्या गल्ल्यांतून नव्हे, तर करारानें ठरलेल्या फेऱ्या वेळापत्रकाप्रमाणें केल्याबद्दल. अडीच हजारांहून अधिक नव्या, आकाशी रंगाच्या गाड्या आल्या. भाडें एक झालें, आणि सवलतीचा पास सर्वत्र चालूं लागला. या फेरबदलानें सर्व सुख झालें असें नाहीं. पुष्कळ मार्ग कमी झाले, ड्रायव्हर अपुरे पडले, आणि सुरुवातीस गर्दी व खोळंबा यांबद्दल लोकांनीं भरपूर तक्रारी केल्या. त्यांच्या तक्रारी आम्हांस रास्त वाटतात. वचन देणें सोपें असतें. तें पाळण्यास गाड्या लागतात, आणि माणसेंही लागतात.

या सर्व हकीकतीवरून आमचें मत असें झालें आहे कीं, बस सरकारची असावी कीं खासगी असावी, हा वाद दुय्यम आहे. सरकारी बसही निष्काळजी होऊं शकते, व खासगी बसही प्रामाणिक असूं शकते. खरा प्रश्न हा कीं, नियम कोणासाठीं केला आहे? ज्या उतारूपासून नफा नाहीं त्याच्यासाठींही गाडी थांबणार असेल, तर ती सार्वजनिक. नाहीं तर तिच्यावर कोणताही रंग दिला तरी ती खासगीच. मुंबईची बसही १९४७ सालीं नगरपालिकेच्या ताब्यांत आली. त्यानंतर तिच्या तोट्याविषयीं किती लिहिलें गेलें! पण तिनें किती म्हाताऱ्यांस, मोलकरणींस व विद्यार्थ्यांस पोहोंचविलें, याचा हिशेब कोणत्या खातेवहींत लिहावयाचा? शाळेचा नफा-तोटा आम्ही असा मांडीत नाहीं, दवाखान्याचा मांडीत नाहीं. मग बसचाच कां मांडावा?

पालकवर्गास आमची विनंति एवढीच कीं, बसनें जाणें कमीपणाचें आहे असें मुलांच्या देखत बोलूं नये. शहरांतील शहाणीं व वजनदार माणसें बसमधून उतरून गेलीं, म्हणजे बस बिघडली तरी तिच्याविषयीं बोलणारें कोणी उरत नाहीं. उरतात ते वाट पाहणारे. विद्यार्थ्यांनीं तर आजपासूनच करावें असें पुष्कळ आहे. रांग मोडूं नये. कंडक्टर दूर असला तरी तिकीट मागून घ्यावें. म्हातारें माणूस चढलें कीं उठून उभें राहावें. गोष्टी लहान दिसतात; पण लाडोगाच्या बर्फावर जे ड्रायव्हर दार उघडें ठेवून गाडी हांकीत राहिले, तेही एके काळीं कोणत्या तरी शाळेंतलीं मुलेंच होतीं.

असो. त्या निबंधाच्या वहींत आम्हीं शेवटीं लाल शाईनें एक ओळ लिहिली. ती अशी: "बाळ, मोटार जरूर घे, पण तुझ्या आईच्या मागें जी बाई उभी आहे तिची बस वेळेवर यावी, यासाठींही मोठेपणीं कांहीं कर." दुसऱ्या दिवशीं तो मुलगा वही घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. त्या रोज याच बसनें जातात." आम्ही त्यास एवढेंच म्हणालों कीं, मग तुझा निबंध अजून पुरा झालेला नाहीं.