सोलापुरात ‘जी’ किती?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल जर्नलवर सह्या करायला मी बसतो तेव्हा उत्तर मला आधीच ठाऊक असतं. प्रयोग बार पेंड्युलमचा. भोकं पाडलेली लोखंडी पट्टी नाइफ एजवर टांगायची, हळूच झुलवायची, वीस झोक्यांना किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर टिपायचं, आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. आमच्या भाषेत ‘जी’ काढायचा. समोर तीस जर्नलं. उत्तरं ९७९.८, ९८०.१, ९८०.३. एकाचंही ९६५ नाही, एकाचंही ९९१ नाही. पट्टी किंचित वाकलेली, डोक्यावर पंखा गरगरतोय, दोन स्टॉपवॉचपैकी एक बटण दाबल्यावर क्षणभर विचार करून मगच चालू होतं. एवढं सगळं असून पोरांचं उत्तर मात्र तिसऱ्या अंकापर्यंत चोख.

गंमत अशी की सोलापुरात ‘जी’ ९८० नाहीच. पुस्तकातला ९८०.६६५ हा प्रमाण आकडा ४५ अंश अक्षांश आणि समुद्रसपाटी धरून ठरवलेला, म्हणजे फ्रान्सच्या बाजूचा. आपण बसलोय साडेसतरा अंशांच्या थोडं वर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंचावर. हिशेब मांडला तर इथं ९७८ च्या जरासं वर निघतं. आमच्या वाकड्या पट्टीला एवढा बारीक फरक दिसायचा नाही, हे मलाही कळतं. पण मग तीसच्या तीस पोरांना सोलापूरचा न दिसता फ्रान्सचा ‘जी’ दिसतो तो कसा?

कसा ते मला माहीत आहे. उत्तर आधी लिहायचं, मग आलेख, मग निरीक्षणं. मीही असंच केलं होतं आणि माझ्या सरांनीही हसून सही केली होती. आज अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय आणि मीही सह्या करतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोटावर पाय येईल.

हीच तीस पोरं फेब्रुवारीत स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. “सर, रिसर्च इंटर्नशिप कुठं मिळेल ते बघा की.” कुठल्या विषयात? “कुठल्याही.” का हवी? “सीव्हीला लागते सर.” मी त्यांना हसत नाही. ज्यांना तीन वर्षं आम्ही उत्तरावरून निरीक्षण काढायला शिकवलं, ती सर्टिफिकेटावरून संशोधन काढायला निघाली, तर चुकलं कुणाचं?

गेल्या साली एका पोरानं मला त्याचे मेल दाखवले. शंभरावर प्राध्यापकांना एकच मजकूर. ‘आपल्या क्षेत्रात मला अत्यंत रस आहे.’ लेसरवाल्याला तोच, कृष्णविवरवाल्याला तोच. एका मेलमध्ये तर आधीच्या प्राध्यापकाचंच नाव राहून गेलेलं. उत्तरं किती आली? दोन, आणि दोन्ही यंत्रानं पाठवलेली: साहेब रजेवर आहेत. पोरगं म्हणालं, “सर, वशिल्याशिवाय काही होत नाही.” मी म्हणालो, बाबा, एवढ्या मेलमध्ये तू एकालाही एक प्रश्न विचारलेला नाहीस.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची एक सवय महाराष्ट्राला ठाऊक आहे. व्याख्यान संपलं की शाळकरी पोरं सहीसाठी वह्या घेऊन गराडा घालायची. ते सही देत नसत. म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस शाळकरी पोराकडून सहीची किंमत मागायचा ती एक प्रश्न. आमच्याकडचा हिशेब उलटा. आमच्याकडे सही मिळते ती प्रश्न न विचारल्याबद्दल.

आता संधींचं बोलू. “सोलापूरच्या पोरांना कोण विचारतं?” हे स्टाफरूममधलं पेटंट वाक्य आहे. चहाबरोबर फुकट मिळतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून ‘नियस’ नावाचा उपक्रम चालवतंय, खास पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या पोरांसाठी. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात देशभरच्या विद्यार्थ्यांना दोन महिने संशोधकांकडे पाठवतात, वर विद्यावेतन देतात. पुण्यात आयुका आणि एनसीआरए मिळून खगोलशास्त्राची उन्हाळी शाळा भरवतात. पुणं काही चंद्रावर नाही. सकाळी साडेसहाच्या सुमारास हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या जेवणाआधी माणूस पुण्यात. अकादम्यांच्या अर्जांची मुदत बहुधा दिवाळीच्या आगेमागे संपते. आमच्याकडे पोरं फेब्रुवारीत जागी होतात, कारण त्यांना जागं करायचं काम ज्यांचं, ते एप्रिलपर्यंत उठत नाहीत. पत्रक येतं प्राचार्यांच्या मेलवर, तिथून कार्यालयात, तिथून ‘संकीर्ण’ नावाच्या फाइलीत. ती फाइल मी पाहिली आहे. चांगली जाडजूड आहे.

अर्ज भरायची वेळ आलीच तर शिफारसपत्र लागतं. “तूच लिहून आण, मी सही करतो.” पोरगं इंटरनेटवरून उतरवतं, सर न वाचता सही करतात. पत्र वाचणारा मुंबईचा शास्त्रज्ञ काय समजायचं ते समजतो. एवढं करून निवड झालीच, तर विद्यापीठाची परीक्षा मेच्या मध्यावर आडवी येते. तिकडे शिबिर सुरू, इकडे शेवटचा पेपर बाकी.

आणि इन्स्पायर शिष्यवृत्ती? बारावीच्या गुणांवर वरच्या एक टक्क्यात आलेल्यांनी मूलभूत विज्ञान घेतलं तर केंद्र सरकार वर्षाला ८० हजार देतं. त्यातले ६० हजार विद्यार्थ्याच्या खात्यात आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. म्हणजे पोरानं एखाद्या संशोधकाकडे जाऊन काम करावं म्हणून सरकारनं पैसे बाजूला काढून ठेवलेत. आमच्याकडे त्या प्रकल्पाचा ‘रिपोर्ट’ झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. आधीच्या वर्षाच्या पोराचा पेन ड्राइव्हवर असतो, वरचं नाव तेवढं बदलायचं. स्पायरल बाइंडिंग वेगळं.

आता नवी व्यवस्था आली. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, आलं; चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. कागदावर उत्तम. पण ऐंशी पोरांना १२० तास ठेवून घेईल असं काही कॉलेजनं आधी शोधून ठेवलं का? नाही. पोरांना सांगितलं, तुमचं तुम्ही शोधा. मग बाजारानं शोधून दिलं. मोबाइलवर जाहिराती येतात: अमुक रुपये भरा, चार आठवड्यांची ‘रिसर्च इंटर्नशिप’ घरबसल्या करा. होलोग्रामचं सर्टिफिकेट पीडीएफमध्ये. पोरं हप्त्याहप्त्यानं भरतात. कॉलेज ते सर्टिफिकेट घेऊन क्रेडिट देतं, अहवालात ‘शंभर टक्के विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप पूर्ण केली’ असं लिहितं, समिती आली की ती फाइल पुढे ठेवतं. एकूण सगळ्यांचं ९८० येतं.

याला अपवाद एकच पाहिला. माझ्या वर्गातलं एक पोरगं नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलं. विभागात त्याची चेष्टा झाली, फिजिक्सवाला स्क्रीनगार्ड लावतोय म्हणून. ते तिथं सोल्डरिंग शिकलं, मल्टिमीटरनं शॉर्ट शोधायला शिकलं, आणि एक दिवस येऊन मला म्हणालं, “सर, बॅटरी फुगते म्हणजे आत नेमका कुठला वायू होतो?” त्या अख्ख्या वर्षात विद्यार्थ्यानं आपणहून विचारलेला तो एकमेव प्रश्न. विभागप्रमुख म्हणाले, हा केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. त्यांना सोडून द्या. हे पोरगं संशोधनाच्या दारात उभं होतं, ते दार मोबाइल दुकानाचं का असेना.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. अर्ज तिनं स्वतः भरला, निवड झाली, पुण्यातल्या एका संस्थेत दोन महिने. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. पत्र घेऊन दोघं कॉलेजात आले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “सर, पैसे किती भरायचे?” मी म्हणालो, अप्पा, भरायचे नाहीत, तेच हिला देणार आहेत. त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या थोरल्या मुलानं वर्षापूर्वी पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावलंय. ज्याचे पैसे पडतात ते खरं. आणि जे उलट पैसे देऊन मुलीला परगावी बोलावतात, ते कोण? “सर, आजकाल फसवणूक फार चाललीय,” ते म्हणाले. मी तासभर बोललो, संस्थेला फोन लावून दिला. मुलगी गेली नाही. मी त्या अप्पांना दोष देत नाही. खोट्याला पैसे मोजायची सवय आम्हीच लावली, म्हणून खरं फुकट मिळालं तर ते त्यांना खोटं वाटतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल, सोलापुरात आहे काय? तर ऐका. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं ढगांत बीजारोपणाचा मोठा प्रयोग केला तो कुठे? सोलापुरात. पर्जन्यछायेचा जिल्हा म्हणून हीच जागा निवडली. रडार बसवलं, विमानं उडवली, २७६ ढग निवडले. त्यातल्या कुठल्यावर क्षाराचे कण सोडायचे आणि कुठला तसाच ठेवायचा हे नशिबावर सोडलं, म्हणजे माणसाच्या इच्छेला निकालात शिरायला जागा राहू नये. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: बीज पेरलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेनं पुढे, सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. म्हणजे उत्तर आधी न ठरवता निरीक्षण कसं करावं, याचा धडा आमच्याच डोक्यावरच्या आभाळात दोन पावसाळे चालला होता. त्या दोन वर्षांत आम्ही काय करत होतो? ‘कृत्रिम पाऊस पडला का हो?’ म्हणून खिदळत होतो. मी माझी एक बॅच तिथवर नेली का? नाही. एक मेल केला का, की आमची दहा पोरं रडार बघायला येऊ देत? नाही. तो मेल मी लिहू शकत होतो. कायम नोकरी नाही ही सबब मला पगाराबद्दल चालते, मेलबद्दल चालत नाही.

कायम नोकरीवाल्या माझ्या मित्रांनाही एक विचारतो. तुमचे शोधनिबंध पदोन्नतीच्या अर्जाला जोडलेले मी पाहिलेत. पातळ थर, नॅनोकण, सगळं आहे. त्या प्रयोगांच्या टेबलाशी बी.एस्सी.चं एक तरी पोरगं उभं राहिलंय का? नमुने तयार करायला दोन हात लागतातच. पोराला पैसे देऊ नका, त्याचं नाव निबंधात घालू नका, नुसतं बघू द्या. पहिला नमुना जळाला की माणूस काय करतो, एवढं दिसलं तरी पुष्कळ आहे. आणि टेबल नसेल तर गच्ची आहे. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४ च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या आणि चुना मारलेल्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी किती फरक पडतो, हे दोन थर्मामीटर आणि एक वही घेऊन महिनाभर मोजलेलं पोरगं कुणालाही मेल लिहू शकतं. त्याच्या मेलमध्ये रस ‘अत्यंत’ नसेल, पण आकडे असतील आणि न जुळणारा एखादा आकडाही असेल. समोरचा शास्त्रज्ञ उत्तर देतो ते त्या न जुळणाऱ्या आकड्याला.

यंदा जूनपासून मी एक केलं. बोर्डावर लिहिलं: ज्याचा ‘जी’ ९८० येईल त्याला सही नाही, वीस झोक्यांचे कच्चे आकडे आधी दाखवायचे. पहिल्या बॅचला घाम फुटला. एकाचं ९९४ आलं, एकीचं ९६१. ती वहीत डोकं घालून म्हणाली, “सर, माझं चुकलंय बहुतेक.” मी म्हणालो, कुठं चुकलंय ते शोध. दोन दिवसांनी तिनं येऊन दाखवलं, झोका जरा मोठा दिला की वेळ बदलतो. सही केली.

आता गावातल्या विभागप्रमुखांना एकच विनंती आहे. दिवाळीच्या आधी अकादम्यांचं पत्रक येईल, मागाहून नियसचं येईल, उन्हाळी शाळांची येतील. ती ‘संकीर्ण’मध्ये घालू नका. प्रॅक्टिकल लॅबच्या दाराबाहेर, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, शेवटची तारीख लाल पेननं लिहून लावा. भिंतीत खिळा नसेल तर निरोप द्या, मी घेऊन येतो.